खालून वर: मॅटाडोर बांधणाऱ्या भाच्याला कानमंत्र

ताईचा फोन आला होता. म्हणाली, पोरानं अंगणात लोखंडाचा सांगाडा आणून टाकलाय आणि हीच आपली गाडी म्हणतोय. भंगारातून मॅटाडोरची चॅसिस उचललीस हे ऐकून मला बरंच वाटलं. तुझी उमेद मोडायला हे लिहीत नाही. एसटीच्या दापोडीच्या कारखान्यात बॉडीच्या कामावर माझा हात बसला. तिथं आणि नंतर गल्लीबोळातल्या गॅरेजांत जे पाहिलं, त्यातलं घरच्या घरी उपयोगी पडेल तेवढंच सांगतो.

घरी बांधायला घेतलेली गाडी पैशावाचून अडते असं लोक म्हणतात. माझ्या पाहण्यात ती अडते क्रम चुकल्यानं. इंजिनाचा आवाज ऐकायची घाई, रंगाची हौस, आणि कागद मात्र सगळ्यांच्या शेवटी. मग केलेलं काम उसवावं लागतं, उसवताना मन विटतं आणि ताडपत्रीखाली गाडी कुजते. म्हणून माझा कानमंत्र एकच: खालून वर जा. खालचं पुरं झाल्याशिवाय वरच्याला हात लावू नको. पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

आपण काय बांधतोय ते ओळख

बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ साली नवलमल फिरोदियांनी हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन या कंपनीच्या सहकार्यानं उभी केली. आधी तीन चाकी टेम्पो आला आणि १९७० च्या आसपास मॅटाडोर रस्त्यावर आली. आकुर्डीची ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. मॅटाडोरची खुबी अशी की तिची पुढची चाकं गाडी ओढतात. मागं डिफरन्शियल नाही, खालून जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट नाही. त्यामुळे मालाची फळी जमिनीपासून बेताच्याच उंचीवर राहते. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, गणपतीची मूर्ती, लग्नाचं वऱ्हाड, सगळं कमी कष्टात आत जायचं ते यामुळे.

याचा तुझ्या कामाशी संबंध असा: इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि ओढ, सगळा भार पुढच्या भागावर आहे. ट्रकची चॅसिस पाहताना आपण आधी मागं वाकतो. इथं आधी पुढं वाक.

गाडीआधी कागद

आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही. आरसी बुक नसलेली चॅसिस म्हणजे कायद्याच्या नजरेत नुसतं लोखंड. भंगारात निघालेल्या चॅसिस दोन प्रकारच्या असतात. एकीची नोंदणी अजून जिवंत असते, मालकानं गाडी नुसती उभी केलेली असते. दुसरीची नोंदणी रद्द झालेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली नोंदणी रद्द झाली असेल तर ती चॅसिस रस्त्यासाठी धरू नको. तिचे सुटे भाग वापर, बाकी विसर. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहा. तिथं काही दिसलं नाही म्हणून घाबरू नको. जुन्या गाड्यांची नोंद कित्येकदा संगणकावर चढलेलीच नसते. मग मूळ आरटीओत जाऊन ती चढवून घ्यावी लागते.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओतली असेल तर ना हरकतीसाठी फॉर्म २८. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५. पहिला मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या आधी गोळा कर. चार वर्षांनी गाडी उभी राहिली की त्याच लोकांना तिची किंमत कळते आणि सह्यांची किंमत वाढते.

आता चॅसिस नंबर. तो चॅसिसवर ठोकलेला असतो आणि बहुधा माती, ग्रीस, रंग यांच्या थराखाली दडलेला असतो. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं अन् मऊ ब्रश घे. ग्राइंडर त्या जागेच्या वीतभर आसपासही फिरवू नको. नंबर दिसला की वर पातळ कागद घट्ट धर, पेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घास. अक्षरं पांढरी उमटतील. तो ठसा आरसीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघ. एखादा आकडा घासून परत ठोकल्यासारखा दिसला, आसपासचा पत्रा नवा वाटला, की चॅसिस जिथून आणली तिथं परत कर. फार हळहळू नको, चोरीच्या मालाचं बालंट त्याहून महाग पडतं.

'विंटेज' म्हणून नोंद करायची तुझी हौस ताईनं सांगितली. त्याचे नियम २०२१ साली आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, व्यापारी वापरात नसलेली गाडी त्यात बसते, आणि ती मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोलपंपाला किंवा दुरुस्तीला नेता येते. रोज भाजी आणायला किंवा भाड्यानं फिरवायला नाही. तुझी मॅटाडोर मालवाहू म्हणून नोंदलेली असेल आणि बॉडी तू नव्यानं बांधणार असशील, तर लोखंड कापण्याआधी आरटीओत जाऊन विचार. साधी नोंदणी ठेवायची म्हटलीस तरी कलम ५२ आहेच. कंपनीच्या तपशिलाबाहेरचे बदल मनानं करता येत नाहीत.

दार मोजून घे

हसू नको. घरामागं शेडमध्ये बॉडी बांधली आणि मग गाडी फाटकातून निघेना, असे प्रकार होतात. फाटकाची रुंदी, वळणाची जागा, वरची विजेची तार आणि आंब्याची फांदी, हे सगळं बॉडीच्या पुऱ्या उंचीशी ताडून बघ. गाडीच्या चारी बाजूंनी दार उघडून माणूस वाकेल इतकी मोकळी जागा हवी. खाली मुरूम असेल तर निदान चार चाकांच्या जागी तरी कोबा करून घे. मातीत गाडी टेकवायची घोडी रुतते.

शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेव. ग्राइंडर दुपारी आणि संध्याकाळी सातनंतर बंद, वेल्डिंग करताना त्यांच्या बाजूला पत्र्याची आड. पोरंटोरं बघायला येतातच, त्यांना वेल्डिंगच्या ठिणगीकडे बघू देऊ नको. आर्क लागली की रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

जॅक उचलायला, घोडी धरायला

जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, अगदी हातही घालायचा नाही. चार भक्कम घोड्या घे आणि त्या पक्क्या बसल्याची खात्री करायला गाडी हातानं हलवून बघ. मग खाली सरक. विटा रचून त्यावर गाडी ठेवणारे बहाद्दर आहेत. वीट आडवी तडकते आणि सांगून तडकत नाही.

रिकामी डिझेल किंवा पेट्रोलची टाकी घरी वेल्ड करायची नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. हे काम ज्याचं त्यालाच देऊन टाक. जुन्या ब्रेक लायनरांत आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेनं फुंकून उडवू नको, ओल्या फडक्यानं पूस आणि फडकं पिशवीत बांधून टाक. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून तो कोरडा घासू नको, पाण्याचा पॉलिश पेपर वापर. वेल्डिंगला हात घालण्याआधी बॅटरीच्या वायरी काढायच्या, ही सवयच लावून घे.

चॅसिस बोलती करून बघ

आता खरं काम. चॅसिस खरवडून, धुऊन स्वच्छ कर. मग एक किलोची हातोडी घेऊन वीत-वीत अंतरावर ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत बोलतं. जिथं आवाज बद्द येतो तिथं खडूनं गोल कर. त्या जागी जाड पेचकस टोचून बघ, आत गेला तर ती जागा संपली. गंज कुठं जमतो ते ठरलेलं आहे: चाकांच्या वर चिखल साठतो तिथं, बॅटरीच्या ट्रेखाली ॲसिड ठिबकतं तिथं, बॉडीच्या पॅकिंगखाली, आणि जिथं दोन पत्रे एकावर एक रिबिटानं जोडलेत त्या फटीत. ही फट सगळ्यांत लबाड. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, तो फुगला की दोन पत्रे फाकतात आणि रिबिटं ताणली जातात. बाहेरून रंग शाबूत दिसतो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मग सरळपणा. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत, गवंड्याची दोन हत्यारं पुरतात: ओळंबा आणि पाण्याची नळी. चॅसिस चार घोड्यांवर अशी ठेव की चारी कोपऱ्यांवर भार सारखा राहील. पारदर्शक नळीत पाणी भर, बुडबुडा राहू देऊ नको, बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं. एक टोक पुढच्या डाव्या कोपऱ्याशी धर, दुसरं पुढच्या उजव्याशी. मग मागचे दोन. पाण्याच्या रेषेपासून डाव्या-उजव्या कोपऱ्यांच्या उंचीत पुढं जेवढा फरक, तेवढाच मागं आला नाही तर चॅसिसला पीळ पडलाय.

आता ओळंबा. दोन्ही बाजूंना एकसारख्या अशा खुणा निवड, उदाहरणार्थ स्प्रिंगच्या ब्रॅकेटची भोकं. प्रत्येक भोकाच्या मध्यातून ओळंबा सोड, टोक थांबलं की फरशीवर बारीक फुली मार. सगळ्या फुल्या झाल्या की चॅसिस बाजूला कर आणि आता फरशीवर माप. पुढच्या डाव्यापासून मागच्या उजव्यापर्यंत कर्ण, मग उलटा कर्ण. स्टीलचा टेप वापर, कापडी टेप ताणला की लांबतो. तीन-चार मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो. दहाच्या पुढं गेला की चॅसिस एका बाजूला सरकली आहे असं समज. ती घरी ताणायला जाऊ नको. सरळ करणाऱ्या माणसाकडे ने. फुल्यांचं माप वहीत लिहून ठेव, पुढं वेल्डिंग झाल्यावर परत मोजायचं आहे.

लोखंडाची जात ओळख

चॅसिसची लांब चॅनेलं म्हणजे खिडकीच्या जाळीचा अँगल नव्हे. चॅनेलला तीन बाजू असतात: मधली उभी पट्टी आणि वरखाली दोन आडव्या कडा. सगळा ताण या दोन कडांवर येतो. म्हणून कडेत भोक पाडायचं नाही, कडेवर आडवं वेल्डिंग करायचं नाही. भोक हवंच असेल तर मधल्या पट्टीत, आणि जुनं भोक सापडलं तर तेच वापर.

सडलेल्या जागी पट्टी लावताना तिची टोकं सरळ उभी कापू नको, तिरपी काप. उभ्या टोकाशी सगळा ताण एका रेषेत गोळा होतो आणि नेमकी तिथंच चीर जाते. तिरप्या टोकानं तो वाटला जातो. आधी चार ठिकाणी टाके मार, समोरासमोर. मग थोडं इकडं, थोडं तिकडं, मध्ये थंड होऊ दे. एका टोकाकडून सुरू करून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ वेल्ड ओढलास तर चॅनेल धनुष्यासारखं वाकेल. वेल्डिंग जमत नसेल तर त्यात कमीपणा नाही. टाके तू मार, पक्का वेल्ड जाणत्याकडून घे.

क्रॉस मेंबरची रिबिटं सैल झाली असतील तर परत रिबीट मारण्याची भट्टी घरी नको. भोक रीमरनं साफ करून घट्ट बसणारा ८.८ ग्रेडचा बोल्ट आणि लॉक होणारी नट वापर. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं. नसेल तर तो बोल्ट चॅसिसला नाही. सगळं झाल्यावर फुल्यांचं माप परत घे.

गंज मारायचा, झाकायचा नाही

वायर ब्रशनं वरचा गंज जातो, खळग्यातला राहतो. चॅसिस एकदा ब्लास्टिंगला देऊन ये, पैसे वसूल होतात. पण ब्लास्टिंग झालेलं लोखंड उघडं ठेवू नको. त्याच दिवशी अस्तर चढलं पाहिजे, कोकणात असतास तर म्हटलं असतं, त्याच तासाला. रेड ऑक्साइड लावून महिने काढणारे मी पाहिलेत. नुसतं रेड ऑक्साइड पाणी अडवत नाही, त्यावर वरचा रंग हवा. दोन पत्रे जिथं टेकतात त्या आतल्या बाजूंना जोडण्याआधीच जस्ताचं अस्तर दे. बंद पेट्यांसारख्या भागांत शेवटी मेण किंवा घट्ट तेल सोड. आणि पाणी निघायची मूळची भोकं रंगानं बुजवू नको. ती कंपनीनं उगाच ठेवलेली नाहीत.

लांबीचा डबा अजून उघडायचा नाही. लांबी भरायचं काम चॅसिसवर नसतंच.

आधी थांबणं, मग पळणं

इंजिनाच्या आधी चाकं, हब, स्टिअरिंग आणि ब्रेक. ब्रेकचे रबरी होज, सिलिंडरमधल्या रबरी वॉशरी, सगळं नवं. रबर नुसतं कपाटात पडूनही मरतं, म्हणून 'जुना स्टॉक आहे, कंपनीचा आहे' असं कुणी म्हणालं तरी ब्रेकसाठी घेऊ नको. डबीवर जे ब्रेक ऑइल लिहिलंय तेच घाल. इंजिन ऑइलचा थेंबही त्यात गेला तर रबर फुगतं आणि ब्रेक धरून बसतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून उघडी राहिलेली बाटली फेकून दे. लोखंडी पाईप गंजला असेल तर नवा ब्रेकचाच पाईप. एसीवाल्याची तांब्याची नळी इथं चालत नाही.

टायर नक्षी बघून घेऊ नको, तारीख बघून घे. बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

पुढची चाकं ओढणारी असल्यानं तिथल्या जॉइंटांवरचे रबरी बूट बारकाईनं बघ. बूट फाटला की ग्रीस जातं, माती येते आणि वळताना टकटक सुरू होते.

इंजिन उठवताना

सुरुवातीच्या मॅटाडोरचं इंजिन वेगळं होतं. पुढं बजाज टेम्पोनं मर्सिडीजच्या परवान्यावर ओएम ६१६ बनवलं आणि तेच बऱ्याच गाड्यांत आलं. तुझ्या आरसीवर कुठला इंजिन नंबर आहे ते बघ. पन्नास वर्षांच्या चॅसिसमध्ये नंतरचं इंजिन बसवलेलं असेल तर ती नोंद झाली होती का, हा प्रश्न आरटीओत निघणारच.

बरीच वर्षं उभं असलेलं इंजिन सेल मारून फिरवायचं नाही. इंजेक्टर काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोड, आठवडाभर तसंच ठेव. मग पुलीच्या नटावर लांब पाना लावून हातानं फिरव. अडलं तर जोर नको, परत तेल. पूर्ण दोन फेरे सहज फिरल्याशिवाय सेलचं नाव काढू नको. डिझेलची टाकी उघडून धू, फिल्टर नवे घाल, मग लाईनमधली हवा काढ. निम्मी 'बंद पडलेली' डिझेल इंजिनं नुसत्या हवेनं बंद असतात.

एक गोष्ट कायम ध्यानात ठेव. डिझेल इंजिन बेफाम पळालं तर चावी काढून ते थांबत नाही. पहिल्यांदा सुरू करताना हवा घेणाऱ्या तोंडाशेजारी जाड सपाट फळी हातात घेऊन एक माणूस उभा असला पाहिजे. हवा बंद, इंजिन बंद. हात किंवा फडकं लावायचं नाही, ते आत ओढलं जातं.

पुठ्ठा आधी, पत्रा मग

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली ती लाकडी बॉडीची होती. लाकूड वाईट नाही. पण तुझ्या गाडीची मूळ बॉडी जशी होती तशीच बांध, कारण वर सांगितलंच. मूळची पत्र्याची असेल तर पत्र्याची. आत फळ्या, बाकं, तळ यासाठी वाळलेलं सागवान वापर. ओलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं आणि सगळे सांधे खुळखुळे होतात. खिळे नकोत, पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू.

पत्रा कापण्याआधी प्रत्येक तुकडा पुठ्ठ्यात काप, जागेवर धरून बघ, दुमड, परत काप. पुठ्ठा चुकला तर रद्दीत जातो, पत्रा चुकला तर खिसा कापतो. बाहेरच्या बाजूंना अठरा गेजचा पत्रा, म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर, पुरेसा होतो. कुठं अॅल्युमिनियम लावणार असशील तर ते लोखंडाला उघडं टेकवू नको. मध्ये रंग आणि रबराची पट्टी हवी, नाहीतर ओल लागली की दोन धातू एकमेकांना खातात आणि आधी अॅल्युमिनियमचा पांढरा भुगा होतो.

बॉडी आणि चॅसिस यांच्यामध्ये रबराचं पॅकिंग. साखर कारखान्यांच्या भंगारात जुना कन्व्हेयर पट्टा मिळतो, त्याचे तुकडे याला फार छान. दारं बसवायची ती गाडी घोड्यांवर असताना नव्हे, चाकांवर उभी असताना. घोड्यांवर चॅसिस वेगळी बसते, चाकांवर वेगळी. घोड्यांवर मस्त लागलेलं दार खाली उतरवल्यावर चिकटतं. दारांच्या फटी जमल्या की मगच बाजूचे पत्रे कायमचे ठोक. रिबिटं मधून सुरू करून कडांकडे जा, नाहीतर पत्र्याला पोट येतं.

वायर आणि उंदीर

रबराच्या पॅकिंगमुळे बॉडीची अर्थ तुटते हे लोक विसरतात. बॉडीपासून चॅसिसला आणि चॅसिसपासून इंजिनाला जाड अर्थ पट्टी दे. दिवे मंद लागतात, सेल कण्हतो, अशा निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. प्रत्येक जोडणीला वेगळा फ्यूज, पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक वायरीला रबरी ग्रोमेट. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून गाडीत धान्याचं पोतं, जुनी गादी, खाण्याचे डबे काहीही ठेवायचं नाही.

सामान शोधताना

पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार, इथं पायपीट करायला लाज नको. पण 'मॅटाडोरचं बेअरिंग द्या' असं विचारू नको. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो सांग. ६२०५ म्हटलं की आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर, कुठल्याही दुकानात तेच मिळतं. ऑइल सीलवरही तीन मापं असतात. गाडीच्या नावानं मागितलेला भाग दुर्मिळ ठरतो, मापानं मागितलेला समोरच्या खणात असतो.

जुना भाग नवा येईपर्यंत टाकायचा नाही. खोलताना प्रत्येक जोडाचा फोनवर फोटो, बोल्ट त्याच्याच डब्यात, डब्यावर कुठला ते लिहिलेलं. बायकोचे लोणच्याचे डबे मात्र मागून घे, उचलू नको.

पावसाचं वेळापत्रक

आपल्याकडे वर्ष आपोआप कामं वाटून देतं. जून ते सप्टेंबर रंगाला हात लावू नको. हवेतली ओल रंगाखाली अडकते आणि पुढं फोड येतात. त्या महिन्यांत शेडमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, सेल, डायनॅमो, कागदाचे हेलपाटे. दिवाळी ते होळी चॅसिस, पत्रा, अस्तर, रंग. भर उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर रंग मारू नको, तो वाळण्याआधीच ओरबाडल्यासारखा दिसतो. एप्रिल-मे मध्ये लाकूडकाम आणि वायरिंग.

पैशाचंही असंच. येतील त्या पैशांतून आधी ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग यांचे वेगळे काढून ठेव. त्यांना रंगासाठी हात लावायचा नाही. नाकापेक्षा मोती जड झाला की घरात भांडणं होतात आणि गाडी बदनाम होते.

पहिली फेरी

गाडी चालू झाली की गावभर मिरवायची घाई होते. आधी आपल्याच वावरात, कुणाच्या मोकळ्या जागेत, माणसाच्या चालीनं. थांब, ब्रेकचे ड्रम हात लावून बघ, एक जास्त तापलाय का? तेल कुठून ठिबकतंय का? दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली जुने पेपर अंथरून ठेवलेले बघ, डाग कुठं पडलाय त्यावरून गळती कळते. शंभर किलोमीटर झाले की चॅसिसचे, चाकांचे, बॉडीचे सगळे बोल्ट परत आवळायचे. नवं पॅकिंग बसतं आणि बोल्ट सैल होतात, त्यात तुझी चूक नसते. रस्त्यावर मात्र नोंदणी, विमा, फिटनेस आणि पीयूसी हातात आल्याशिवाय नाही. एखादा ओळखीचा म्हणेल, चल रे, कोण विचारतंय. अपघात झाला की सगळे विचारतात.

थोडक्यात क्रम असा: कागद, चॅसिस, चाकं आणि ब्रेक, इंजिन, बॉडी, वायरिंग, रंग. कुठल्याही पायरीवर कंटाळा आला तर काम थांबव, महिनाभर हात लावू नको, पण पुढच्या पायरीवर उडी मारू नको. या आठवड्यात एकच कर. चॅसिस नंबरचा ठसा कागदावर घे, आरसीची प्रत त्याला जोड आणि आरटीओत जाऊन विचारून ये. उत्तर होकारी आलं तर मला फोन कर, ओळंबा आणि पाण्याची नळी मी घेऊन येतो. नकार आला तर चॅसिस परत कर आणि कागद असलेली दुसरी शोध.